परतीची वाट

प्रवासाचा बेत ठरवितांना माणूस जाण्याचाच विचार करतो. येण्याचा विचार त्याच्या मनाला फारसा शिवत नाहीं. कोठें उतरावयाचें, काय पाहावयाचें, काय खावयाचें, याच्या याद्या आठ आठ दिवस आधीं तयार होतात. परतीच्या रकान्यांत मात्र "रविवारीं संध्याकाळीं" एवढे दोनच शब्द असतात. घर हें आपल्या जागीं आहे आणि आपण तेथें पोंचणारच, असें मनुष्य धरून चालतो. डोंगराच्या किंवा देवदर्शनाच्या प्रवासांत हा समज बहुधा खपून जातो. समुद्रकांठच्या सहलींत तो खपत नाहीं, कारण तेथें माणसाच्या घड्याळाखेरीज आणखी एक घड्याळ चालू असतें. तें चंद्राचें घड्याळ होय. आणि कोणाच्याहि सोयीसाठीं तें क्षणभर थांबत नाहीं.

मुंबईकराला समुद्रकांठची सुटी कांहीं फार दूरची नाहीं. गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर मांडव्याची बोट पकडली, कीं तासाभराच्या अवधींत तो रायगड जिल्ह्याच्या भूमीवर पाय ठेवतो. तेथून अलिबाग सुमारें वीस किलोमीटरांवर आहे. या जिल्ह्याचें नांव १९८१ सालापर्यंत कुलाबा असें होतें, आणि तें ज्या किल्ल्यावरून पडलें तो किल्ला आजहि अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यांत उभा आहे. वरसोली, किहीम, नागांव, रेवदंडा, काशीद, मुरूड अशी पुळणींची एक माळच या बाजूस लागलेली आहे. किहीमला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं १९३० सालीं सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा प्रसिद्ध अभ्यास केला. अलिबागला १९०४ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात आहेत. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार, आणि त्यांच्यामुळें कुलाब्याच्या वेधशाळेंतील नाजूक सुया विचलित होणार, हें ओळखून तें काम येथें आणण्यांत आलें. मुंबईच्या गडबडीपासून सुटका करून घेण्यासाठीं अलिबागला येण्याची रीत अशी थेट शास्त्रज्ञांपासून चालत आलेली आहे!

या रीतीला अनुसरून मे महिन्यांतील एका शनिवारीं मुंबईचे पांच मित्र अलिबागला गेले असें उदाहरणादाखल समजावें. एक कचेरींत हिशेबनीस, दुसरा शाळामास्तर, तिसरा औषधांचा दुकानदार, चौथा चित्रकार आणि पांचवा नुकताच नोकरीस लागलेला इंजिनीयर. शाळेंत एका बांकावर बसणाऱ्यांची ही मैत्री. तिला वयाचा आणि पगाराचा भेद ठाऊक नाहीं. पैशाची पिशवी अर्थातच हिशेबनिसाकडे होती. शाळामास्तरांच्या मनावर मात्र एक ओझें होतें. त्यांचे वृद्ध वडील गिरगांवांत घरीं एकटे होते. शेजारच्या काकूंनीं दोन दिवस त्यांच्या जेवणाखाण्याकडे पाहण्याचें कबूल केलें होतें. परंतु रविवारीं रात्रीं आठच्या सुमारास त्यांना द्यावयाचें औषध मास्तरांनीं स्वतःच येऊन द्यावयाचें, असें ठरलें होतें. निघण्यापूर्वीं मास्तरांनीं ही गोष्ट चौघांनाहि सांगितली, आणि चौघांनींहि माना डोलावल्या.

शनिवार उत्तम गेला. दुपारीं कोलंबीचें कालवण, तांदळाची भाकरी व सोलकढी. संध्याकाळीं वाळूंत फतकल मारून गप्पा. रात्रीं माडांच्या झावळ्यांची सळसळ. असल्या सुखाचें वर्णन करण्यांत अर्थ नसतो. ज्यानें तें भोगलें आहे त्याला तें नको असतें आणि ज्यानें भोगलें नाहीं त्याला तें पुरत नाहीं. रविवारीं सकाळीं मंडळी कुलाबा किल्ल्यावर निघाली. हा जलदुर्ग बांधण्याचें काम शिवाजी महाराजांनीं १६८० सालीं हातीं घेतलें, संभाजी महाराजांच्या काळीं तें पुरें झालें, आणि पुढें कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचें तें एक मुख्य ठाणें बनलें. ओहोटीच्या वेळीं या किल्ल्यांत पायीं जातां येतें. भरतीला मात्र मधल्या वाटेवर पाणीच पाणी होतें. आंत गणपतीचें सुंदर मंदिर आहे, आणि चोहोंकडे खारें पाणी असतांना गोड्या पाण्याची विहीरहि आहे. त्या दिवशीं वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी असल्यानें दर्शनाला बरीच गर्दी होती.

वाटेंत एका म्हाताऱ्या कोळ्याशीं त्यांचें बोलणें झालें. "काका, परत कधीं फिरावें?" असें इंजिनीयरानें विचारलें. म्हातारा म्हणाला, "दहाच्या आंत बाहेर पडा. आज चवथ. चाराची पाऊणपट तीन. तीन वाजतां भरती पुरी." इंजिनीयराला हें गणित नवें होतें. कोंकणच्या किनाऱ्यावर मात्र तें लहान मुलांनाहि येतें. तिथीचा आंकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल त्या वाजतां पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां त्याच जागीं येतो, आणि त्याच्यामागून भरतीहि तितकीच उशिरां येते. ठिकाणाठिकाणीं थोडा फरक पडतो, तरी कागद, पेन्सिल वा यंत्र नसतांना पिढ्यान्‌पिढ्या होड्या हांकणाऱ्या लोकांनीं तिथीची पाऊणपट करून समुद्राचें वेळापत्रक आपल्या बोटांवर आणून ठेवलें आहे. मंडळी दहाच्या आंत बाहेर पडलीं, आणि मागें वळून पाहतात तों त्यांच्या पावलांच्या ठशांवरून पाणी फिरलेलें होतें.

येथवर सर्व शहाणपणानें चाललें. जेवण झालें, थोडी झोप झाली. अलिबागहून तीन वाजतां निघावें, मांडव्याला चारची बोट गांठावी, पांचला मुंबई आणि सहाच्या आंत घर, असा हिशेबनिसांचा आंकडा होता. सामान बांधून झालें. त्यांत अलिबागच्या प्रसिद्ध पांढऱ्या कांद्यांच्या तीन माळाहि होत्या. आणि मग चित्रकार म्हणाला, "अरे, एकच तास! एकदां शेवटचें पाण्यांत जाऊं आणि निघूं. चारची नाहीं तर पांचची बोट." मास्तर कांहीं बोलले नाहींत. पांचांतले तिघे तयार झाले कीं चौथ्याचें मौन संमतींत धरलें जातें. मित्रमंडळींचा हा अलिखित कायदा आहे.

कोळीबाबांचें गणित मात्र कोणाच्याहि ध्यानांत राहिलें नव्हतें. तीन वाजतां भरती पुरी झाली, म्हणजे त्यानंतर ओहोटी लागली होती. ओहोटीचें पाणी वरून शांत दिसतें. लाटा लहान होतात आणि नवख्याला वाटतें, समुद्र निवला. पण तेंच पाणी पायांखालची वाळू ओढून नेतें आणि पोहणाऱ्याला आंत घेऊन जातें. चित्रकार कमरेइतक्या पाण्यांत होता, तो बघतां बघतां छातीइतक्या पाण्यांत गेला. किनाऱ्याकडे तोंड करून तो हातपाय मारूं लागला; जितका जोर करी तितका दमे, पण अंतर कमी होईना. सुदैवानें काठावर होड्या ओढणाऱ्या एका पोरानें तें पाहिलें आणि तो ओरडला, "समोर नको! बाजूला जा, बाजूला!" चित्रकार किनाऱ्याला समांतर असा बाजूला सरकूं लागला. पंचवीस-तीस हातांवर ओढ संपली आणि एका लाटेनें त्याला आंतल्या अंगास आणून टाकलें. तो वाळूवर बराच वेळ नुसता पडून होता. कोणी हंसलें नाहीं.

ही ओढ बहुधा अरुंद पट्ट्यांत असते. तिच्याशीं समोरासमोर झुंजणारा थकतो आणि बुडतो. जो बाजूला सरतो तो तिच्यांतून सुटतो. एवढें ज्ञान समुद्रांत उतरणाऱ्या प्रत्येकाला असावें, कारण तें नसण्याची किंमत फार मोठी आहे. १ फेब्रुवारी १९१६ नव्हे, अगदीं अलीकडे, १ फेब्रुवारी २०१६ रोजीं याच किनाऱ्यावर मुरूड येथें सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. त्यांच्याहि घरीं संध्याकाळच्या गाडीची वाट पाहिली जात होती.

या प्रकारांत पांचचीहि बोट गेली. मंडळी मांडव्यास पोंचलीं तेव्हां साडेपांच वाजून गेले होते. धक्क्यावर शेंदोनशें माणसांची गर्दी होती, आणि नैर्ऋत्येकडून ढगांची एक काळी भिंत उठत होती. वारा एकदम पडला. मग एकदम सुटला. पाण्यावर पांढरे तुरे दिसूं लागले. थोड्याच वेळांत बातमी आली, कीं बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असून यापुढें बोट सुटणार नाहीं.

या बावट्याविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. हिंदुस्थानच्या बंदरांवर एकपासून अकरापर्यंत धोक्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. लोक त्यांना बावटा म्हणतात. प्रत्यक्षांत दिवसा शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या काळ्या खुणा चढवितात, व रात्रीं लाल-पांढरे दिवे लावतात. तीन नंबरचा अर्थ असा, कीं बंदराला वादळी वाऱ्याच्या झोतांचा संभव आहे. अकरांत तिसरी खूण म्हणजे क्षुल्लक, असें धक्क्यावरच्या माणसाला वाटतें. मोठ्या जहाजाला ती कदाचित् क्षुल्लक असेलहि. पण उघड्या समुद्रांतून माणसांनीं भरलेली लहान बोट नेणाऱ्या तांडेलाला ती क्षुल्लक नसते.

धक्क्यावर कल्लोळ उसळला. कोणी तिकिटाचे पैसे मागूं लागले, कोणी उद्यांच्या नोकरीचा दाखला देऊं लागले. "समोर मुंबई दिसते आहे, तासाची तर वाट!" असें जो तो म्हणत होता. शाळामास्तरांनीं इतका वेळ दाबून धरलेला संताप आतां बाहेर पडला. "एक तास! तुझा एक तास!" एवढेंच ते चित्रकाराला म्हणाले आणि तांडेलाकडे वळले. "तांडेलमामा, माझे वडील घरीं एकटे आहेत. तुम्ही मनावर घेतलेंत तर बोट जाईल. हे सगळे लोक यायला तयार आहेत."

तांडेल पन्नाशी उलटलेला मनुष्य होता. तो शांतपणें म्हणाला, "मास्तर, 'रामदास'वरहि सगळे तयारच होते."

त्यानंतर मास्तर कांहीं बोलले नाहींत. रेवस-मांडव्याच्या बाजूला हें नांव पुरेसें आहे. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' ही आगबोट काशाच्या खडकानजीक वादळी लाटांत कलंडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. आषाढाच्या अखेरचे ते दिवस; बोटींत बहुतेक गांवाकडे निघालेले चाकरमानी होते. बोट एका कुशीवर कलली तेव्हां भ्यालेले लोक एकाच बाजूला धांवले, आणि अंगावर आलेल्या लाटेनें तिला सांवरूं दिलें नाहीं. त्याच्या वीस वर्षें आधीं, १९२७ च्या नोव्हेंबरांत, 'जयंती' व 'तुकाराम' या कोंकण किनाऱ्याच्या दोन बोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या होत्या. देश स्वतंत्र होण्यास महिनाभर उरला असतां घडलेली 'रामदास'ची दुर्घटना त्या धामधुमींत इतरत्र लवकर विसरली गेली. किनाऱ्यावरचीं घरें मात्र ती विसरलीं नाहींत. एकेका गांवांत एकाच दिवशीं इतकीं घरें उजाड झालीं, कीं सांत्वन करावयास कोणीं कोणाकडे जावें असा प्रश्न पडला.

आतां बोटी सुधारल्या, हवेचे अंदाज सुधारले, आणि २०२० सालापासून मोटारी वाहून नेणारें मोठें जहाजहि मुंबई-मांडवा मार्गावर आलें. परंतु समुद्र तोच आहे. त्याच २०२० सालच्या मार्च महिन्यांत मांडव्यानजीक एक प्रवासी बोट बुडूं लागली; पोलिसांची गस्ती नौका वेळेवर पोंचली म्हणून तिच्यावरील ८८ प्रवासी वांचले. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीच्या वाटेवर नौदलाच्या एका वेगवान बोटीची प्रवासी बोटीशीं टक्कर होऊन पंधरा जण मृत्यु पावले; त्या दिवशीं समुद्र शांत होता, पण अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटें नव्हतीं. तात्पर्य, बोट सोडीत नाहीं म्हणणारा मनुष्य हा प्रवाशाचा वैरी नव्हे. त्याच्या नकारामुळें काय टळलें हें कधींच दिसत नाहीं, आणि न दिसणाऱ्या उपकाराचे आभार कोणी मानीत नाहीं.

उरली खुष्कीची वाट. मांडव्याहून मागें अलिबाग, आणि तेथून पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल अशी ती जाते. एस. टी.च्या गाडींत पांचांना मिळून तीन जागा मिळाल्या. कांद्यांच्या माळा कोणाच्या मांडीवर, कोणाच्या गळ्यांत अशा स्थिरावल्या. पाऊस आला, गेला. आणि वडखळच्या अलीकडे गाडी जी उभी राहिली ती हालेना. रविवारच्या संध्याकाळीं अलिबागची आणि गोव्याच्या महामार्गाची वाहनें जेथें एकत्र होतात, तेथें सुटी संपवून परतणारी सारी मुंबई एकमेकीच्या वाटेंत उभी राहते. ताडगोळे विकणारीं पोरें गाडीच्या खिडकीखालून फिरत होतीं. आठ वाजले. मास्तरांच्या फोनमधली वीज संपली होती. इंजिनीयरानें न बोलतां आपला फोन पुढें केला. मास्तरांनीं शेजारच्या काकूंना लावला. औषध कोणत्या बाटलींतलें, किती, कशाबरोबर, हें औषधांच्या दुकानदारानें फोन हातीं घेऊन दोनदां समजावून सांगितलें आणि काकूंकडून परत म्हणवून घेतलें. "तुम्ही सावकाश या. मी येथेंच बसतें," असें काकू म्हणाल्या. मास्तरांनीं डोळे मिटून घेतले.

दहाच्या पुढें ढग फाटले आणि पूर्वेस चंद्र उगवला. पुढच्या बांकावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. दिवसभर त्यांचा संकष्टीचा उपास होता. त्यांनीं खिडकींतून चंद्राला हात जोडले, पिशवींतून डबा काढला आणि आजूबाजूच्या प्रत्येकाच्या हातावर एक एक मोदक ठेवला. चित्रकाराला दिलेला मोदक त्यानें मोडला आणि अर्धा मास्तरांपुढें धरला. मास्तरांनीं क्षणभर पाहिलें आणि तो घेतला. क्षमा मागण्याचे आणि करण्याचे शब्द त्यानंतर लागले नाहींत. सकाळीं ज्या चतुर्थीच्या गणितानें त्यांना किल्ल्यांतून सुखरूप बाहेर काढलें, आणि दुपारीं जें विसरल्यामुळें एकाचा जीव धोक्यांत आला, त्याच चतुर्थीचा चंद्र रात्रीं त्यांच्यावर उगवला होता.

पनवेलला शेवटची लोकल धांवत पळत मिळाली. गिरगांवांत मास्तर पोंचले तेव्हां रात्रीचा एक वाजून गेला होता. दार काकूंनींच उघडलें. वडील गाढ झोंपले होते. मास्तरांनीं कांद्यांची एक माळ काकूंच्या हातीं दिली; द्यावयास त्या वेळीं त्यांच्याजवळ दुसरें कांहींच नव्हतें.

सुटीचा हिशेब सुटी संपल्यावर होत नाहीं, तो घरीं पोंचल्यावर होतो. समुद्रावर जाणाऱ्यानें जरूर जावें. कोंकणचा किनारा त्यासाठींच तेथें आहे. मात्र निघण्यापूर्वीं पंचांगांतील तिथी पाहावी व तिची पाऊणपट करावी. ओहोटीच्या पाण्यांत उतरूं नये. शेवटच्या बोटीचा भरंवसा न धरतां तिच्या आधींच्या बोटीनें निघावें. आणि बावटा लागला असतां तांडेलाशीं वाद घालूं नये. घरीं कोणी तरी आपली वाट पाहत आहे हें ज्याला आठवतें, त्याला एक तास कमी पोहल्याचें दुःख फार वेळ राहत नाहीं.